निळ्याची कपार

“मग चुकलं कोणाचं, आक्का?”

मुकुंदने तळहात पुढे केला. त्यावर एक नारिंगी मासा आडवा पडला होता. शेपटी पार कुरतडलेली. महिन्यातला हा चौथा.

आक्का शेवग्याच्या शेंगा सोलत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

“पाणी?”

“सकाळ-संध्याकाळ मोजतो. क्षार ठीक, ऊब ठीक. प्रवाळ तर बघा कसे फुललेत. आणि हे…”

त्याने काखेतली वही काढली. कोणता मासा कोणाशी जमवून घेतो, कोणाला किती जागा लागते, याचे तक्ते त्यात होते. मुकुंद पूर्वी कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचा. नोकरी सुटली, घर सुटलं, पण तक्ते काही सुटले नव्हते.

“वहीप्रमाणे हा जगायलाच हवा होता.”

“वही त्याला दाखवली होतीस?”

मुकुंदने वही मिटली.

खाडीच्या तोंडाशी असलेला तो मठ म्हणजे चार खोल्या आणि एक मोठं दार. दोन वर्षांपूर्वी परदेशी निघालेल्या कुणा भक्ताने आपल्या घरची समुद्री माशांची टाकी, आतल्या दगड-प्रवाळांसकट, तिथे आणून ठेवली. आक्कांनी ती मुकुंदच्या हवाली केली आणि म्हणाल्या, “यात पाच मासे सुखाने नांदले, की मठ तुझ्या हाती.”

आक्कांनी ऐंशी ओलांडली होती. मुकुंद त्यांचा पहिला शिष्य. अकरा वर्षं मठाचं दार तोच उघडत होता आणि तोच लावत होता. मठ आपल्याकडेच यायचा, याबद्दल त्याला तिळमात्र शंका नव्हती. मधे आडवे आले ते हे बोटाएवढे मासे, आणि त्याने तर चंगच बांधला होता.

“मी हात टेकणार नाही, आक्का. याहून गरीब जात शोधून काढतो.”

“आत्ता टाकीत कोण आहे?”

“एक निळा. सगळ्यांत आधी आणलेला. एवढासा आहे, पण भारी चिवट. त्याला कधी काही झालं नाही.”

“त्याला नाही झालं…”

आक्का उठल्या. हात धुऊन टाकीपाशी गेल्या. मधल्या मोठ्या कपारीच्या तोंडाशी निळा उभा होता. त्यांची सावली पडली तशी तो काचेवर धावून आला.

आक्कांनी जाळी घातली. बऱ्याच झटापटीनंतर निळा हाती लागला. तो त्यांनी शेजारच्या लहान टाकीत सोडला.

मग पदर खोचून कोपरापर्यंत हात बुडवला आणि एकेक दगड हलवायला सुरुवात केली. मधला कडेला, कडेचा मागे, खालचा वर.

“आक्का! दोन वर्षांची मांडणी आहे ती!”

“कोणाची?”

मुकुंदने टाकीत वाकून पाहिलं. पाणी गढूळ झालं होतं.

“पाणी निवळलं की नवे चार आण,” आक्का हात पुसत म्हणाल्या. “वहीतले कोणतेही गरीब चार. आठ दिवस त्यांनाच राहू दे. मग याला सोड.”

“पण हा तर पहिला, आक्का! त्याने शेवटी यायचं?”

आक्का शेंगांकडे वळल्या.

मुकुंदने सांगितलं तसं केलं. चार नवे आले. आठ दिवसांत प्रत्येकाने आपापला कोपरा धरला. नवव्या दिवशी त्याने निळ्याला सोडलं आणि पाहत बसला.

निळा आपली कपार शोधत राहिला. ती तिथे नव्हती. ज्या दगडापाशी जाई, तिथून कुणीतरी डोकावे. दोन-तीनदा तो अंगावर गेला, पण कुठून कोणाला हाकलायचं हेच त्याला उमजेना. संध्याकाळी एका साध्या दगडाआड तो मुकाट बसला. रात्र सरली, मग आणखी आठवडा सरला. कुणाची शेपटी कुरतडली गेली नाही.

मुकुंद धावतच आक्कांकडे आला. आनंद त्याच्या चेहऱ्यावर मावत नव्हता.

“पाचही आहेत, आक्का! पाचही!”

“छान झालं… दामले मास्तर इथे किती दिवस राहिले रे?”

मुकुंद गोंधळला. “कोण, मागच्या वर्षीचे? महिनाभर. त्यांना बसण्याउठण्याची शिस्त नव्हती.”

“आणि खेडची सुलभा?”

“तिला मी सांगितलं होतं, पूजेच्या तांब्याला हात लावायचा नाही म्हणून. ती चिडून गेली.”

“त्याआधीचे दोघं?”

“ते…”

तो थांबला. बाहेर ओहोटीचं पाणी उतरत होतं. मुकुंदच्या खिडकीजवळच्या आसनावर ऊन आलं होतं. अकरा वर्षांत त्या आसनावर दुसरं कुणी बसलं नव्हतं.

“सोमवारी नवी माणसं यायची आहेत,” आक्का म्हणाल्या. “चौघं.”

मुकुंदचा चेहरा पडला. एकदा वाटलं, भांडावं. एकदा वाटलं, पाय धरावेत. तो टाकीकडे वळला. साध्या दगडाआडून निळा बाहेर आला आणि इतर चौघांबरोबर खाऊ लागला.

मुकुंद उठला. आपलं आसन गुंडाळून त्याने इतर आसनांच्या ढिगात ठेवलं. कमरेची दाराची किल्ली आक्कांसमोर ठेवली. वही मात्र बरोबर घेतली, मग दाराशी जाऊन तीही परत आणून ठेवली.

“पलीकडे बंदरावर बहिणीचं घर आहे,” तो म्हणाला. आवाज आता स्थिर होता. “आठ दिवस तिथे राहतो. नवव्या दिवशी येतो, आक्का. येणार म्हणजे येणार.”

आक्कांनी मान हलवली. त्याने उंबरा ओलांडला, तेव्हा त्यांनी हाक मारली.

“मुकुंदा… येशील तेव्हा दार वाजव.”