‘स्टिल’चा अर्थ

तळ्याकाठच्या मुलींच्या शाळेत तपासनीस रावबहादूर आले, ते इंग्रजीचा वर्ग बंद करायच्या इराद्यानेच. त्यांनी वर्गातल्या अंबूला ‘स्टिल’चा अर्थ विचारला.

“अजूनही,” अंबू म्हणाली.

“साफ चूक! स्टिल म्हणजे निश्चल. हेच शिकवता का, बाई?”

शिक्षिका आवडाबाई खिडकीकडे वळल्या. बाहेर धुक्यात तळं झोपल्यासारखं पडलं होतं. त्याच्याकडे बघता बघता त्यांचा जीव शांत झाला.

“साहेब, सकाळपासून पाण्यावर तरंग नाही. तळं अजूनही निश्चल आहे, हे मुलींना इंग्रजीतून सांगता का?”

रावबहादूर ऐटीत म्हणाले, “द लेक इज स्टिल स्टिल.”

“यातला अंबूचा ‘स्टिल’ कोणता, साहेब?”

रावबहादूरांनी शेऱ्याची वही पुढे ओढली. मग हलकेच म्हणाले, “पहिला.” आणि शेऱ्यात त्यांनी लिहिलं, ‘वर्ग चालू ठेवावा.’