नोंद न झालेली उचल

"मग चूक कुणाची, वस्ताद?"

अभिनंदन मगदूमनं विचारलं आणि मोबाईल पुढे केला. प्रश्न त्यानं वाटेतच जुळवून ठेवला असावा, कारण उत्तरही त्याच्याजवळ तयार होतं.

बाबालाल वस्ताद आखाड्याच्या कडेला बसून लाल मातीवर लिंबं पिळत होते. शहरात स्वतःची जिम काढण्याआधी अभिनंदन सहा वर्षं याच मातीत लोळला होता.

व्हिडिओ कालचा होता. महावीर, तालमीतला त्याचा जोडीदार, जिममध्ये बाकावर उताणा पडून छातीवरून वजनाची दांडी उचलत होता. प्रत्येक उचलीचा वेग ॲप पडद्यावर दाखवत होतं.

"बघा. आधी शून्य पॉइंट पाच, मग चार, मग तीन. वेग पडला की थांबायचं, हे मी त्याला बजावलेलं. नाही थांबला. दांडी छातीवर आली, दोन बरगड्या मोडल्या. ॲपनं आधीच सांगितलं होतं."

"तू कुठं हुतास?"

"त्याच्या डोक्याशी. दांडी धरायला."

वस्तादांनी लिंबाचं साल बाजूला ठेवलं.

"पुन्हा लाव."

त्यानं लावला.

"आवाज न्हाई व्हय याला?"

अभिनंदननं बोटानं आवाज वाढवला.

"धर," महावीर म्हणत होता. "अभ्या, धर... धर."

अभिनंदन डोक्याशी उभा होता खरा. हातही मोकळे होते. मान मात्र चित्रण करणाऱ्या फोनकडे वळलेली, पडद्यावरचा आकडा बघण्यात गुंग. स्वतःचाच चेहरा थेट स्वतःकडे बघताना त्याला दिसला आणि इतकी लाज वाटली, की व्हिडिओ थांबवायलाही बोट हलेना.

"भेटून आलास त्याला?"

"नाही..."

"का?"

"काय तोंडानं जाऊ, वस्ताद?"

वस्ताद उठले, आखाड्यात गेले आणि मातीत उताणे पडले.

"फोन लाव. मोज."

"काय मोजू?"

"आधी लाव तर."

त्यानं फोन कठड्याला टेकवून ॲप सुरू केलं. या तालमीचा एक रिवाज होता. ज्यानं पाडलं, त्यानंच पडलेल्याला हात देऊन उठवायचं. वस्तादांनी हात वर केला.

अभिनंदन चपला काढून मातीत उतरला. वस्तादांचे गुडघे कधीच कामातून गेले होते. ओढून चालणार नव्हतं. त्यानं एक हात मानेखाली घातला, एक पाठीखाली. आधी बसवलं. वस्तादांना दम लागला, तेवढा वेळ तो तसाच धरून राहिला. मग काखेत हात घालून हळूहळू उभं केलं. या सगळ्यात त्यानं फोनकडे एकदाही पाहिलं नाही.

"आता बघ आकडा."

त्यानं फोन उचलला. पडद्यावर आकडा नव्हताच.

"काय म्हणतोय?"

"खूप हळू," अभिनंदननं वाचलं. "नोंद नाही."

वस्तादांनी पाठीची माती झटकली नाही. ते परत कडेला जाऊन बसले आणि नवीन लिंबू हातात घेतलं.

"जा," ते म्हणाले. "महावीरलाबी उठवून बसवायला कुणीतरी लागत असंल."