मधल्या आळीतला नवा फुटपाथ

कोकणातल्या खारेपेठेत पाऊस एकदा लागला की थांबायचं नाव घेत नाही. तिथल्या मधल्या आळीत नगरपालिकेने काँक्रीटचा नवा फुटपाथ घातला, पण त्याचा ढाळ गटाराऐवजी घरांकडे उतरला. वळवाच्या एका सरीतच कालिंदीबाई मुणगेकरांच्या शिवणाच्या खोलीत पाणी शिरलं आणि लग्नघरचे कपडे भिजले. त्यांनी तक्रार केली, तेव्हा नगराध्यक्ष भार्गवराव टोपरे म्हणाले, "मी स्वतः उभं राहून करून घेतलाय. ढाळ चुकेलच कसा?"

उद्घाटनाला भार्गवराव फेटा बांधून आले. कालिंदीबाईंनी त्यांना मानाने आपल्या दाराशी उभं केलं आणि भरलेली कळशी पुढे केली.

"साहेब, उद्घाटनाचं पाणी तुमच्या हातून पडू दे."

भार्गवरावांनी खुशीत कळशी फुटपाथवर उपडी केली. पाणी गटाराकडे पाठ फिरवून थेट त्यांच्या बुटांत शिरलं. लोक तोंड दाबून हसू लागले, पण भार्गवराव कसले डगमगतात!

"बघा, पाणीसुद्धा माझ्या पाया पडायला आलं!"

"आलं ना," कालिंदीबाई हात जोडून म्हणाल्या, "पण तुम्ही निघून गेलात की ते तुमचे पाय शोधत आमच्या घरात शिरतं. तेव्हा आता पावसाळाभर इथेच राहा. पडवीत चटई घालून देते."

सगळी आळी खदखदून हसली. शेवटी भार्गवरावांनाही हसू आवरेना.

"चटई राहू द्या, वहिनी. उद्याच गवंडी पाठवतो."

गवंडी आले, फुटपाथ फोडून पुन्हा घातला, आणि त्या पावसाळ्यात पाणी मुकाट्याने गटारात गेलं.