वेलबुट्टीची नळी

बिबट्याने वीस दिवसांत अकरा वासरं उचलली, तेव्हा सोनवडीच्या राजेसाहेबांनी चारही वेशींच्या राखणदारांसाठी बंदुका बांधायचं काम केरबा लोहाराला दिलं. हा तरणा गडी परमुलखातून ही विद्या शिकून नुकताच परतला होता. दस्ते झाले, चाप बसले. राहिल्या फक्त नळ्या. त्याने साधी, स्वस्त नळी निवडली. शंभर पावलांवरून तिने ओळीने पाच नारळ फोडले होते आणि एका विलायती नळीच्या पैशांत अशा चार येत होत्या.

दिवाणजींनी भर दरबारात ती दोन बोटांनी उचलली. "ही नळी की चुलीची फुंकणी? विलायतीच हवी, सोन्याच्या वेलबुट्टीची! सध्या एकच घेऊ, बाकीच्या तीन वेशी थांबतील. एवढी वर्षं बाहेर राहून हेच शिकलास होय रे?"

"वेलबुट्टी बघणार कोण, दिवाणजी?" केरबाने शांतपणे विचारलं.

"कोण म्हणजे? वाड्यावर येणारे पाहुणे!"

"मग जरूर घ्या. फक्त बिबट्यालाही वाड्यावर पाहुणा म्हणून बोलवा. रानात तो नळी न्याहाळायला थांबत नाही."

राजेसाहेब खदखदून हसले. "साध्या चार नळ्या घे, केरबा. आणि दिवाणजी, तुमचा हट्टच असेल, तर बिबट्याकडे आमंत्रण घेऊन तुम्हीच जा."

दिवाणजींनी नळी हळूच खाली ठेवली.