कासाराने शहरातून आणलेला शब्द

एका गावात एक कासार होता. स्वारी सदा घोड्यावर! त्याचे वडील बांगड्या भरताना कुणाला काच लागली, तर हातातलं काम थांबवत, जखमेवर हळद दाबून धरत आणि तिची कळ निवली की मगच पुढची बांगडी उचलत. त्यात वेळ जाई. मुलाला एवढा धीर कुठला?

एकदा तो माल आणायला शहरात गेला आणि बांगड्यांबरोबर एक इंग्रजी शब्दही घेऊन आला. सॉरी! शहरात कुणाचा धक्का लागला, कुणाच्या पायावर पाय पडला, की लोक सॉरी म्हणत नि पुढे सरकत. कासाराला वाटलं, चला, सुंठीवाचून खोकला गेला. तेव्हापासून काच लागली की तो म्हणे, "सॉरी हं, ताई," आणि पुढची बांगडी रेटी. बायका हात चोळत गप्प बसत. बोलणार तरी काय? शब्द तर गोड होता.

पुढे गावात एका मुलीचं लग्न निघालं. नवरीचा हिरवा चुडा भरायचा मान पिढ्यान्‌पिढ्या कासाराच्याच घराण्याचा. त्याने ऐटीत पेटी उघडली, तर नवरीने दोन्ही हात पाठीमागे लपवले.

"मी यांच्याकडून चुडा भरणार नाही. दुसरा कासार बोलवा."

कासाराच्या तोंडचं पाणी पळालं. हा मान गेला तर गावात तोंड कसं दाखवायचं? तो म्हणाला, "अगं पोरी, संक्रांतीला जरा काच लागली खरी. पण मी लगेच सॉरी म्हटलं होतं की!"

"म्हणालात, काका. पण तुमचा हात कुठं थांबला?"

शेजारी शाळेतल्या मास्तरीणबाई बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "कासारदादा, तो शब्द फार जुना आहे. इंग्रजीत दुखऱ्या जागेला जो 'सोअर' शब्द आहे, त्याच्याच मुळातून तो आला. पूर्वी सॉरी म्हणजे दुःखी, आतून व्याकूळ झालेला माणूस. आता वापरून वापरून पार गुळगुळीत झालाय. तुम्ही म्हणालात, तेव्हा तुम्हाला कुठं दुखलं होतं?"

कासाराच्या वडिलांना हा शब्द ठाऊकसुद्धा नव्हता. त्यांची हळदीची पुडी आठवून त्याची मान खाली गेली.

"हात दाखव बघू, पोरी," तो हळूच म्हणाला.

नवरीने बिचकतच हात पुढे केला. मनगटाच्या हाडापाशी एक पांढरा वण होता. हा आपल्या हातून झाला, या विचाराने कासाराला फार वाईट वाटलं. तेवढ्यात दारातून निरोप आला, पलीकडच्या वाडीतल्या दुसऱ्या लग्नाची वऱ्हाडी मंडळी बांगड्यांसाठी खोळंबली आहेत, लवकर चला.

"त्यांना सांगा, मला उशीर होईल," कासार म्हणाला.

त्याने वाटीत तेल मागितलं, नवरीचा हात चोळून मऊ केला आणि एकेक बांगडी सावकाश चढवू लागला. शेवटची बांगडी अंगठ्याच्या हाडाशी अडली. नवरीने डोळे मिटले, पण तिच्याआधी कासाराच्याच तोंडून निघालं, "स्स्!" आणि त्याचा हात जागच्या जागी थांबला.

नवरीने डोळे उघडले आणि हसून म्हणाली, "काका, आज तुम्ही खरं सॉरी म्हणालात. भरा आता."

तात्पर्य एवढंच, की दुसऱ्याची कळ आपल्याला लागली आणि आपला हात थांबला, तरच ती माफी. नुसता शब्द काय, बाजारातही मिळतो.