दोन दिवस म्हणजे किती दिवस?

"मग भाषांतर चुकलं कुठं?"

"कुठंच नाही, अप्पाजी! तेच तर दुखणं आहे."

अंबादास येलगम मठाच्या अंगणात उभा होता. हातात मोबाइल, कपाळाला आठ्या. सोलापुरातला हा टॉवेलचा कारखानदार. चाळीस माग, साठ कामगार आणि अंगात जरा जास्तच हवा. बारावी जेमतेम पास झालेला गडी मराठीत पत्र लिहायचा आणि भाषांतराचं ॲप ते क्षणात जपानीत, स्पॅनिशमध्ये, फिनिशमध्ये करून द्यायचं. "एका अंगठ्यावर बारा भाषा बोलतो मी," असं तो लग्नाच्या पंगतीतसुद्धा सांगे. लोक ऐकून घेत. भरल्या ताटावरून उठून जाता येत नाही.

समोर चन्नवीर अप्पाजी बसले होते. मठाचे स्वामी, ऐंशीच्या घरातले, अंबादासच्या वडिलांपासूनचे घरचे गुरू. भर चैत्राच्या उन्हात, उघड्या फरशीवर.

"त्या बाईनं काय लिहिलंय? वाच."

बाई म्हणजे फिनलंडच्या कायसाबाई. तिथल्या वाफेच्या न्हाणीघरांना टॉवेल पुरवायच्या. अंबादासचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक. त्या गेल्या तर निम्मे माग बंद पडणार होते. त्यांनी अंबादासचीच चार पत्रं त्याला परत पाठवली होती. चारही पत्रांत तीच ओळ होती: माल दोन दिवसांत निघतो. त्याखाली बाईंचा प्रश्न.

‘तुमच्याकडे दोन दिवस म्हणजे किती दिवस? आजच उत्तर द्या. नाहीतर ऑर्डर रद्द.’

अंबादासचा आवाज चढला. "फिनिश जाणणाऱ्या एका मॅडमकडून तपासून घेतलं. अक्षर न् अक्षर बरोबर आहे म्हणाल्या. पण ॲपला भाव कळत नाही, अप्पाजी! दोन दिवसांत म्हणजे काम चालू आहे, काळजी करू नका. एवढं आपल्याकडं कुणालाही कळतंय की!"

अप्पाजींनी उपरण्यानं मानेवरचा घाम टिपला.

"उन्हात का बसलाय, अप्पाजी? आत चला की."

"इथं मंडप येणार आहे."

"कोण टाकणार आहे?"

"तू."

अंबादासला आठवलं. गेल्या चैत्रात याच अंगणात आपणच मोठ्या तोंडानं बोललो होतो.

"दोन दिवसांत टाकतो म्हणालास," अप्पाजी म्हणाले. "मी वाट बघायलोय."

"अप्पाजी, तुम्ही ते… खरं धरलंत?"

"माझ्याकडं ॲप नाही बाबा. तरी मला तेवढंच ऐकू आलं."

अंबादास मटकन खाली बसला. फरशी चांगलीच तापली होती. पण चटका बसला तो लाजेचा. इतकी लाज त्याला बारावीच्या निकालादिवशीही वाटली नव्हती.

"आता लिही," अप्पाजी म्हणाले.

"काय लिहू?"

"माल कुठाय?"

"…मागावर चढलाच नाही अजून."

"मग तेच."

अंबादासनं ‘बहुतेक’ लिहिलं आणि खोडलं. ‘शक्यतो’ लिहिलं, तेही खोडलं. ‘लवकरात लवकर’ लिहून त्यानं हळूच वर पाहिलं. अप्पाजी त्याच्याकडंच बघत होते. त्यानं निमूटपणे तेही खोडलं. बारा भाषा बोलणाऱ्या माणसाला पाच ओळी लिहायला अर्धा तास लागला.

‘माल तयार नाही. मी चारही वेळा खोटं लिहिलं. तुमच्याआधी दुसऱ्याचा माल मागावर घेतला. आता सुरू केला तर माल निघायला एकवीस दिवस लागतील. माल न निघता बाविसावा दिवस उजाडला तर ऑर्डर रद्द करा.’

ॲपनं एका क्षणात त्याचं फिनिश केलं. अंबादासचा अंगठा मात्र अडला. निम्मे माग… तीस घरं…

डोळे मिटून त्यानं दाबलं.

दोघेही बसून राहिले. भिंतीची सावली हातभर पुढं आली, तेव्हा मोबाइल वाजला.

‘एकवीस दिवस थांबते. तुमचं हे पहिलंच पत्र मला समजलं.’

अंबादासनं उडीच मारली. "पोचलं, अप्पाजी! फिनलंडपर्यंत पोचलं!"

"फिनलंड जवळ होतं," अप्पाजी म्हणाले. "आता कारखान्यात जा. लांब आहे, लवकर नीघ."

खरोखरच लांब होतं ते. ‘सूत दोन दिवसांत येतंय’ असं तो कामगारांनाही महिनाभर सांगत होता, आणि कामगारही त्याच हिशेबानं निवांत होते. त्या संध्याकाळी माग थांबवून तो सगळ्यांपुढं उभा राहिला आणि त्याच्या आणि कामगारांच्या घरच्या तेलुगूत बोलला. इथं मदतीला ॲप नव्हतं.

"सूत मी मागवलंच नव्हतं. आज मागवलंय. उद्या सकाळी येईल. आपल्याकडं एकवीस दिवस आहेत."

टॉवेलच्या कडा शिवणारी नरसम्मा पुढं आली. वीस वर्षं ती या कारखान्यात होती.

"मालक, उद्या खरंच येणार?"

"गाडी निघालीय. हा घे ड्रायव्हरचा नंबर. तूच विचार."

नरसम्मानं तिथंच फोन लावला. दोन वाक्यं बोलली. मग वळून म्हणाली, "एकवीस कशाला? एकोणीस दिवसांत काढू."

आणि काढला की! चाळीस माग असे खडखडले की शेजारच्या गल्लीला एकमेकांशी ओरडून बोलावं लागलं. एकोणिसाव्या दिवशी भर दुपारी नरसम्मानं कंटेनरपुढं नारळ फोडला आणि शिलाईच्या बायकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. अंबादास फाटकाला धरून सगळ्यांदेखत रडला. आनंद त्याच्या मनात मावेना.

दीड महिन्यानं तो मठात आला तो धावतच. अप्पाजी मंडपात बसले होते. मंडप त्या पत्राच्या दुसऱ्याच दिवशी उभा राहिला होता.

"जिंकलो, अप्पाजी! माल पोचला. पुढच्या वर्षाची सगळी ऑर्डर आपल्यालाच!"

"छान झालं. मग अडलंय कुठं?"

"बाईंनी एक विचारलंय." अंबादासनं मोबाइल पुढं धरून वाचलं. ‘तुमची आधीची पत्रं आणि आताची पत्रं यांत फार फरक आहे. भाषांतर करणारा बदललात का?’

"ॲप तर तेच आहे, अप्पाजी. काय लिहू?"

अप्पाजी हसले.

"खरं तेच लिही. बदलला म्हणावं."