खळ्यावरचा मधला बैल

फार जुन्या काळी, बैल बोलायचे आणि मालकांना ते ऐकूही यायचं, तेव्हा एका खळ्यावर मळणी चालली होती. मधल्या खांबाला ओळीने तीन बैल बांधले होते. खांबाजवळचा हरण्या जागच्या जागी वळायचा आणि सगळ्यांत बाहेरचा कोसा इतका पळायचा, की त्याच्या तोंडाला फेस यायचा. कणसं खाऊ नयेत म्हणून बैलांना मुसक्या बांधल्या होत्या. हरण्याला मात्र नव्हती, कारण त्याला म्हणे सूचना द्यायच्या असत.

संध्याकाळी मुसक्या सुटल्या, की हरण्यापुढे घमेलंभर सरकी यायची आणि बाकीच्यांपुढे कडबा.

"अहो मालक, पळतो मी आणि सरकी याला?" कोसा एकदा वैतागून म्हणाला.

"अरे, अख्खं खळं त्याच्याभोवती फिरतं. तो सोडून गेला तर?"

"जाऊ दे की एकदाचा!" त्या दोघांच्या मध्ये बांधलेला तांबड्याही चिडला. "तिथे काय, कोणीही वळेल."

दुसऱ्या दिवशी ऐन मळणीत हरण्या खरंच गेला. शेजारच्या खळ्यावर त्याला दोन घमेली कबूल झाली होती. मालकाने कपाळाला हात लावला, मग तांबड्याला खांबाजवळ घेतलं आणि त्याची मुसकी काढली. मळणी होती तशी सुरू झाली. कोशाला हायसं वाटलं.

दोनच फेरे झाले असतील, तांबड्या खाकरला.

"मालक, इथे उभं राहायचं म्हणजे केवढी जोखीम असते, ते बाहेरच्यांना नाही कळायचं. शेजारी दोन घमेली देतात ना?"

कोशाला खूप काही बोलायचं होतं. पण त्याच्या तोंडाला मुसकी होती.